कारवी फुलली तेव्हा हौशी दाव्याला होती

"कारवी फुललीये. या खेपेला चुकवलीस तर पुढची सात वर्षं बोंबलत बस," असा नीताचा फोन आला आणि मी ऑफिसात रजा टाकली. नीता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, वनस्पतिशास्त्र शिकवते. कारवी हे आपल्या सह्याद्रीतलं साधं झुडूप. वर्षानुवर्षं नुसत्या पानांवर काढतं, मग एका साली अख्खा डोंगर एकदम निळा-जांभळा करून टाकतं, बी धरतं आणि मरून जातं. एवढ्या मोठ्या उतारावरच्या सगळ्या झुडपांना नेमकं तेच साल कसं कळतं, हे अजून कुणालाही नीट सांगता आलेलं नाही. ते कोडं डोळ्यांनी बघायला म्हणून आम्ही निघालो. परत आले ती डोकं तापवून, आणि ते अजून निवलेलं नाही. गोडगोड वाचायचं असेल तर दुसरा ब्लॉग बघा.

पहिला दिवस भोरला फुकट गेला. स्वारगेटहून एसटीने कापूरहोळ, तिथून आत वळून भोर. जेवण झकास, खोली स्वच्छ, पण तिकडच्या डोंगरावर कारवीला कळीसुद्धा नव्हती. प्रत्येक डोंगराचं साल वेगळं असतं, हे नीताला माहीत होतं. मला तिने जेवण झाल्यावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलटं कापूरहोळला आलो, शेअर रिक्षाने नसरापूर गाठलं, मिसळ खाल्ली आणि वेल्ह्याची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. सामान कमी ठेवा, कारण वेल्ह्याच्या बाजारातून पुढे घाटाकडे जायला जीपच करावी लागते आणि जीपवाला ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही दिवसभरासाठीच ठरवून घेतली. तो रस्ता कुठे जातो आणि गावाचं नाव काय, ते लिहिणार नाही. कॉमेंटमध्ये विचारू नका, भांडण होईल.

गावाच्या टोकाला, कड्याच्या पायथ्याशी हिराबाईंचं घर आहे. भिंती कारवीच्याच काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. आधी सांगून ठेवलं तर त्या पिठलं-भाकरी करून घालतात. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात त्यांची तांबडी गाय हौशी अंगणात मोकळी फिरत आली आणि नीताच्या पिशवीतलं केळं सालासकट खाऊन गेली.

"गाभन हाय, दिवाळीला व्यायची," हिराबाई म्हणाल्या. "दोन सालं भाकड हुती. समदी म्हनायची, इकून टाक. म्या न्हाई इकली. आता घरात दूध येईल."

वर जायची वाट त्यांनीच दाखवली आणि बजावलं, "कड्याला आग्या मव्हाळ हाय. कारवीच्या सालात लई येत्यात. आरडू नका, अत्तर लावलं असंल तर फुडं जाऊ नका."

वरती जे पाहिलं ते खरंच सुंदर होतं. डोक्याच्याही वर गेलेली झुडपं, त्यांवर लगडलेली फुलं आणि फुलाफुलावर माश्या. इतक्या जवळून गेल्या तरी एकही चावली नाही. त्या कामात होत्या.

मग खालून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. चकाचक नवी काळी गाडी, चार जण. त्यातला एक, डोक्यावर गॉगल चढवलेला, हिराबाईंशी काहीतरी बोलला. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता: "मावशी, गाय बांधा ना जरा. गाडीला अंग घासतीये." हिराबाईंनी गाय बांधली. मग त्याने ड्रोन काढला. हिराबाईंचा आवाजही ऐकू आला, "दादा, कड्याकडं नगा सोडू, मव्हाळ हाय!" त्यावर तो म्हणाला, "लांबूनच काढतो हो."

लांबून कसलं! थेट कड्याला भिडवला. आवाजाने, सावलीने की पंख्यांच्या वाऱ्याने, कशाने ते सांगता येत नाही, पण कड्याला लटकलेला माश्यांचा काळा थर एकदम उठला. ड्रोन गरगरत झाडीत पडला. आम्ही ओढण्या तोंडावर घेऊन कारवीत आडव्या झालो. खाली ते चौघे गाडीत घुसले, काचा वर केल्या आणि घाबरून हॉर्न वाजवत बसले. हिराबाई मात्र गोधडी पांघरून घरातून बाहेर धावल्या, गाईकडे. हौशी हिसके मारत होती, त्यामुळे गाठ आवळली होती. सुटेना. त्या परत घरात गेल्या, विळा आणला आणि दावं कापलं. गाय ओढ्याकडे पळाली. हिराबाई तिथेच बसल्या.

माश्या निवल्यावर आम्ही उतरलो. हिराबाईंचा चेहरा सुजून डोळे मिटले होते. त्यांना जीपमध्ये घालत होतो, तेवढ्यात गॉगलवाला काच खाली करून मला विचारतो, "ताई, ड्रोन कुठे पडला पाहिलंत का?"

मी त्याला काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही. त्यावर त्याचं उत्तर: "माझी काय चूक? एआय आहे त्यात. समोर काही आलं तर आपोआप वळतो तो." अरे बाबा, तुझ्या यंत्राला झाड कळतं, दगड कळतो. त्या दगडावर हजारो जीव बसलेत, हे तुला एक बाई ओरडून सांगत होती. तिचं ऐकायला कुठला सेन्सर लागतो?

वेल्ह्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. हिराबाई शुद्धीत होत्या आणि एकच विचारत होत्या, "हौशीला पानी दावलं का?" गावातून फोनवर कळलं, हौशी ओढ्याकाठी आडवी पडलीये; जनावरांचे डॉक्टर संध्याकाळी तिथे पोचले, म्हणाले, प्रयत्न करतो. आम्ही शेवटच्या एसटीने पुण्याला निघालो.

घरी आल्यावर फोटो पाहायची इच्छा झाली नाही. निळा डोंगर आठवतो, नाही असं नाही, पण त्याच्याआधी हॉर्न आठवतो. दोन दिवसांनी हिराबाईंना फोन लावला.

"हौशी गेली," त्या म्हणाल्या. "पोटातल्यासकट."

मी भडकले. तक्रार करू, गाडीचा नंबर आहे माझ्याकडे, सोडायचं नाही त्याला, असं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोराला कशापाई बोल लावता, ताई? त्याला काय ठावं. कारवीच्या सालात कड्याखाली जनावर बांदत न्हाईत, मोकळं सोडत्यात. मव्हाळ उठलं तर पळंल तरी. जल्मापास्नं ठावं हाय मला. पाव्हना म्हनला म्हनून म्या बांदली."

मी फोन ठेवला आणि रडले. रागानेच रडले.

गॉगलवाल्याचा व्हिडिओ काल माझ्यापर्यंत पोचला, म्हणजे ड्रोन सापडला त्याला. संगीत लावलंय, लोक बघायला तुटून पडलेत. ड्रोन वर चढतो, खाली हिराबाईंचं घर, अंगण आणि दाव्याला बांधलेली तांबडी गाय दिसते. खाली कुणीतरी लिहिलंय, "किती शांत आयुष्य आहे इथे!" आणि त्याने त्यावर बदाम दिलाय.