बेलार्मिनोने फेडलेला दिवस

एडेल्मीरा चिग्वायच्या फाटकात क्लोरीनच्या पाण्याचं एक पसरट घमेलं कायम ठेवलेलं असे. आत यायचं तर आधी त्यात बूट बुडवायचे. पाद्रीबाबा घराला आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा त्यांनाही तिने झगा वर धरायला लावून घमेल्यात उभं केलं होतं. लेमुई बेटावर लोक तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

तिच्या घरामागे टेकडीवरून एक ओढा येतो. त्याचं पाणी लाकडी हौदांतून फिरवून ती बावीस वर्षं ट्राउट माशांची पिल्लं वाढवत होती. नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दक्षिणेला मेंढ्या कातरायला गेला, तो तिकडेच राहिला. "मेला असता तर निदान चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा तरी सांगता आली असती," असं ती म्हणायची. मूलबाळ नव्हतं. शेवटच्या हौदात हातभर लांबीच्या अकरा माद्या आणि चार नर होते. बाकीचा सगळा पसारा त्या पंधरा माशांपासून झालेला. हिवाळ्यात एकेकीला ओल्या फडक्यात धरून ती अंगठ्याने हळूहळू पोट चेपून अंडी काढी. बाहेरून रोग येऊन मासे मरतील अशी भीती तिला सतत असे, म्हणून ते घमेलं.

आमच्याकडे शेतीच्या कामाला मजूर लावत नाहीत, दिवस मागतात. तू माझे बटाटे काढायला आलीस की मी तुझा एक दिवस लागते. तू बोलावशील तेव्हा मी आलंच पाहिजे. जो येत नाही, त्याच्याकडे पुन्हा कोणी जात नाही. आणि जो येतो त्याला दारात ताटकळत ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. मार्चमध्ये एडेल्मीराने थोरल्या भावाचे, बेलार्मिनोचे, बटाटे काढून दिले होते. लहान आणि मोठी पिल्लं वेगळी करायची वेळ आली तेव्हा तिने त्याला तो दिवस मागितला. माझ्या रोजनिशीच्या वहीत तारीख आहे : शनिवार, १३ नोव्हेंबर १९९९. पाऊस नाही. आम्ही आठ जण आधीच हौदांपाशी होतो.

बेलार्मिनो पाणबुड्या होता. ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथेच समुद्रात एका कंपनीचे सॅमन मासे पाळायचे जाळ्यांचे पिंजरे होते. खाली उतरून जाळ्याच्या तळाशी साचलेले मेलेले मासे पोत्यांत भरून वर आणायचे, हे त्याचं काम. त्या पंधरवड्यात पोती फार निघत होती. बाहेर जो बोलेल त्याने सोमवारी कामावर येऊ नये, असं कामगारांना सांगितलेलं होतं. तरी बेटावर सगळ्यांना माहीत होतं. फक्त एडेल्मीराला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे गप्पा मारायला कोण जाणार, बूट भिजवून?

तो कंपनीच्या होडीवरून थेट आला. पायात कामाचेच बूट, बगलेत त्याचं स्वतःचं हातजाळं.

"दादा, बूट," ती म्हणाली.

"घ्या! दिवस फेडायला आलोय आणि ही मला गुरासारखं धुऊन घेतेय. अगं, तुझा शेंबूड मी पुसलाय!"

"बूट बुडव आणि जाळं तिथेच ठेव."

"मला काय महारोग झालाय? सांग सगळ्यांदेखत, म्हणजे परत जातो."

"इन्स्पेक्टरीणबाई, त्याच्या काखासुद्धा तपासा!" आमच्यातलं कोणीतरी ओरडलं. सगळे खिदळले. मीही हसले.

एडेल्मीराचा चेहरा लाल झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने ते घमेलं पायाने बाजूला सारलं. "ये बाबा, ये आत." दुपारपर्यंत त्याचं जाळं सगळ्या हौदांतून फिरून झालं होतं.

अकराव्या दिवशी पिल्लं काळी पडली. पोटं फुगली, डोळे बाहेर आले, मागून विष्ठेचा पांढरा दोरा लोंबायला लागला. मग ती स्वतःभोवती गरगर फिरून तळाशी जात. एडेल्मीरा रोज बादल्या भरून मेलेली पिल्लं पुरत होती. मोठ्या माशांना मात्र काही झालेलं नव्हतं.

डिसेंबरात सरकारी साहेब आले, बरोबर कंपनीचा व्यवस्थापक. आम्हा त्या दिवशीच्या सगळ्यांना बोलावलं होतं. साहेबांनी साफ सांगितलं : पिंजऱ्यांत रोग आधीपासून असेल, तर हा इथे बाहेरून आला. मग पिल्लं मारायची, पण मोठे मासे तपासून ठेवता येतील. नाहीतर रोगाचं मूळ हा ओढा. मग सगळं संपवायचं आणि परवानाही रद्द.

"आमचे मासे गेल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत होते," व्यवस्थापक म्हणाला. "घाण इथून खाली आली."

साहेब बेलार्मिनोकडे वळले. "तुम्ही रोज खाली उतरता. नोव्हेंबरात तिथे मासे मरत होते?"

"सांग ना दादा," एडेल्मीरा म्हणाली.

तो टोपी चुरगाळत राहिला. "नाही, साहेब. नेहमीसारखे दोनचार."

साहेबांनी आमच्याकडेही पाहिलं. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरचं कोणी ना कोणी त्या पिंजऱ्यांवर कामाला होतं. माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे : बेलार्मिनो नाही म्हणाला. आम्ही काही बोललो नाही.

सगळं संपवायचा हुकूम लिहून देऊन साहेब तिथून निघाल्यावर ती भावाजवळ गेली. "तू दिलास तो दिवस मी धरत नाही. अजून एक लागतोस. उद्या ये."

तो आला. न येऊन कुठे जाणार होता? पिल्लांच्या हौदांत तिने स्वतः क्लोरीन ओतलं. मोठ्या माशांसाठी त्याच्या हातात लाकडी मोगरी दिली. माद्या खायला मिळेल म्हणून वर आल्या. ती एकेक उचलून फळीवर धरायची, तो मारायचा. पहिला घाव चुकला.

"नीट मार. तिला कळता कामा नये."

सातवीला तो रडायला लागला. "एडे, बस कर गं. मी सांगतो साहेबांना. आज सांगतो."

"साहेबांची होडी सकाळीच गेली. ही आठवी. मार."

पंधराही झाल्यावर खड्ड्यात चुना पडला. मग रिवाजाप्रमाणे तिने त्याला जेवायला बसवलं, कारण दिवस द्यायला आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत. डुकराचं मांस, बटाटे, सफरचंदाची दारू. ती समोर उभी राहून बघत होती. त्याने कसंबसं संपवलं, तिने पुन्हा वाढलं. तेही त्याने खाल्लं आणि कुंपणापाशी जाऊन ओकला.

"आता फिटलं," ती म्हणाली. "यापुढे मी तुला बोलावणार नाही. तू मला बोलावू नकोस."

नंतर नऊ वर्षं ती त्याच कंपनीच्या कारखान्यात सॅमनची आतडी काढायच्या रांगेत उभी राहिली. दुसरं काम बेटावर नव्हतं. ती वारली त्या दिवशी तिच्या थडग्याचा खड्डा खणायला आम्ही सगळ्यांनी आपापला दिवस दिला. बेलार्मिनोही स्वतःचं फावडं घेऊन आला होता. आम्ही त्याला खणू दिलं नाही.