माहेरची गाडी रिकामी येत नाही

शनिवार, २६ एप्रिल २०२५, सकाळी साडेनऊ. अमळनेर ते पिंपळनेर आणि परत, गाडीभाडं चार हजार चारशे रुपये ठरलं. ठरवताना आमच्या ओट्यावर चौघं हजर होतो: मी, माझी बायको, माझे वडील म्हणजे आबा, आणि गाडीवाला.

हिशेब असा होता. गाडी दिवसाला कमीत कमी तीनशे किलोमीटर धरणार, दर तेरा रुपये. झाले तीन हजार नऊशे. वर ड्रायव्हरचा भत्ता पाचशे. टोल त्यातच.

"जाऊन येऊन दोनशे तीसच होतात," मी म्हणालो. "सत्तर किलोमीटर मी न चालवता भरायचे?"

"मग चालवा काका," गाडीवाला म्हणाला. पन्नाशीला टेकलेला, दाढी पिकलेला माणूस. मला काका का म्हणतो, ते त्यालाच ठाऊक. "येताना आपल्या गल्लीत पस्तीस चकरा मारू. एसी चालू ठेवतो."

बायको हसली. आबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष पैशात नव्हतंच. बुधवारी आखाजी होती, आणि त्यांना त्यांची थोरली बहीण घरी हवी होती.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात ती लेकींची. सासरी गेलेली लेक या सणाला माहेरी येते, आणि ती आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आबांची बहीण, जिला आम्ही सगळे अक्काच म्हणतो, पिंपळनेरला दिलेली. ती चौऱ्याऐंशीची, आबा एकोणऐंशीचे. पाच भावंडांपैकी आता एवढीच दोन उरलेली. आखाजीला आईवडिलांच्या नावाने पाण्याची घागर भरायची असते. गेली पाच वर्षं ती आबा एकटेच भरत होते. दरवर्षी फोनवर अक्का सांगायची, "गुडघा दुखस रे भाऊ." दरवर्षी मी म्हणायचो, "मग गाडी पाठवतो ना." आणि दरवर्षी ती म्हणायची, "नको, औंदा राहू दे."

या वर्षी आबांनी ठरवलं की स्वतः जायचं. मुऱ्हाळी दारात आल्यावर ती नाही म्हणणार नाही, असा त्यांचा विश्वास. मीही माझ्या परीने चोख काम केलं: थंडगार गाडी, पुढची सीट मागे रेलणारी, गुडघ्याखाली ठेवायला उशी.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला आबा, मी आणि बायको निघालो. आबांच्या अंगावर धोतर, डोक्यावर नवी टोपी आणि मांडीवर डांगर. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. डिकीत जागा होती, पण डांगर मांडीवरच.

धुळ्याच्या पुढे चौपदरी रस्ता लागला आणि आबांना जुने प्रवास आठवायला लागले. आजोबांच्या वेळी मुऱ्हाळी दमणी घेऊन जायचा. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, वर छत, बैलांच्या गळ्यात घुंगरू. त्या वेळेपासून आमच्या घरात एक नियम आहे: माहेरची गाडी रिकामी परत येत नाही. कारण गावच्या ओट्यांवर लोक बसलेलेच असत. घुंगरू वाजले की माना वळत. गाडीतून लेक उतरली नाही तर संध्याकाळपर्यंत गावभर विचारणा, काय झालं, भांडण झालं का, जावयाने पाठवली नाही का.

आबांच्या वेळी एसटी आली. पहिल्यांदा अक्काला आणायला गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे. लांब नाकाची बस, मागे टपावर चढायला शिडी. अमळनेर ते धुळे एक बस, धुळे ते साक्री दुसरी. साक्रीहून पुढची गाडी चुकली, म्हणून रात्री स्टँडच्या बाकावर झोपले. एका बाजूचा प्रवास दीड दिवस.

"मग नियमाचं काय झालं?" मी विचारलं. "बस तर आपली नव्हे."

"एसटी कधी रिकामी ऱ्हास का?" आबा म्हणाले. "नियम आपोआप पाळाये."

पुढे काळी-पिवळी जीप आली. मी लहानपणी आबांबरोबर एकदा तिने गेलो आहे. मी डोकी मोजली होती: आत पंधरा, मागच्या पायरीवर तीन, आणि ड्रायव्हर दारातून अर्धा बाहेर. म्हणजे साडेअठरा. तिथे तर रिकामी हा शब्दच नव्हता. मग मोटारसायकली आल्या, मग ज्याच्या त्याच्या दारात चारचाकी. दीड दिवसाच्या प्रवासाला आम्हाला त्या दिवशी दोन तास पंचवीस मिनिटं लागली, त्यात चहाची पंधरा मिनिटं.

पिंपळनेरला अक्का दारातच खुर्चीवर बसली होती. आबांनी डांगर तिच्या ओटीत ठेवलं. "उनू मी तुले लेवाले," ते म्हणाले.

"म्हातारा व्हई गया रे तू," अक्का म्हणाली.

"तू कोठे तरनी शे?"

घरात अक्काचा मुलगा म्हणजे माझा आतेभाऊ, आणि त्याची बायको, आमची वहिनी. वहिनीने मुऱ्हाळीचा मान म्हणून खापरावरच्या, म्हणजे मातीच्या पालथ्या भांड्यावर भाजलेल्या, पुरणपोळ्या केल्या होत्या. आमरसाबरोबर मी तीन खाल्ल्या. खापरावरची एक पोळी साध्या तीन पोळ्यांएवढी, हे बायकोने मला सर्वांसमोर सांगितलं.

जेवणं होईपर्यंत सगळं ठीक होतं. अक्काची पिशवी भरलेली होती, म्हणजे यायचं तिच्या मनात होतं. मी गाडीतला एसी आधीच चालू करायला सांगितला, आणि तिला हात देऊन अंगणात आणलं. गाडीवाल्याने दार उघडलं. आतली थंड हवा आणि गाडीत टांगलेल्या अत्तराच्या बाटलीचा वास बाहेर आला, आणि अक्का दोन पावलं मागे गेली.

"मी यामा बसाव नही."

"अक्का, सीट मागे होते. उशी आणली आहे गुडघ्याला."

"गुडघाले काय व्हस? गुडघा बसमा बी दुखस. पन बसमा पोट ढवयत नही."

तेव्हा कळलं. सहा वर्षांपूर्वी आतेभावाने तिला आमच्याकडे गाडीतूनच आणलं होतं. काचा बंद. साक्रीपासून धुळ्यापर्यंत तिला चार वेळा उलट्या झाल्या होत्या. आमच्या घरी आल्यावर सणाचं ताट तिने तसंच सरकवलं आणि म्हणाली होती, उपास आहे. आम्हाला खरं वाटलं. मुलाला तिने बजावलं होतं, तिकडे सांगू नको, भावाला वाईट वाटेल. गुडघा दुखत होता हे खरं, पण अडत होतं ते पोटामुळे. आणि मी दरवर्षी फोनवर तिला हमी देत होतो की गाडी पाठवतो!

"काचा उघड्या ठेवू," गाडीवाला म्हणाला.

"वास जाई का त्याना?"

आबा गाडीकडे, मग अक्काकडे बघत होते. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. बहिणीला सोडून परतायचं नाही, हे तर होतंच. पण बसने न्यावी तर ही गाडी रिकामी जाणार. आपल्या गल्लीत ओट्यांवर माणसं बसलेली असणार. बायको एकटीच उतरली की विचारणा सुरू.

"बसनी जाऊत," शेवटी आबा म्हणाले. "पन गाडी रिकामी जाई, ते बरं दिसत नही."

"रिकामी कशी?" मी म्हणालो. "ही बसेल ना आत."

"मी माहेरची लेक नाही," बायको म्हणाली. "मी तुमच्या घरची सून. सून मोजत नाहीत, एवढं तरी शिका."

अक्काने खुर्ची मागवली, बसली, पदराने वारा घेतला. मग म्हणाली, "रिकामी कशी जाई? हाई शे ना."

ती वहिनीकडे बोट दाखवत होती.

वहिनीचं माहेर पारोळ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून सहा किलोमीटर आत. वडील नाहीत, आई एकटी. भाऊ सुरतला कामाला. त्याला आखाजीची सुटी मिळत नाही, त्यामुळे तिला आणायला तीन वर्षांत कोणी आलेलं नव्हतं. तिने कधी काही बोलून दाखवलं नव्हतं. सकाळपासून ती सासूची पिशवी भरत होती, आमच्यासाठी पोळ्या करत होती.

"मी कशी जाऊ?" वहिनी म्हणाली. "घरी यांचं जेवण?"

"त्याले भूक लागी ते करी," अक्का म्हणाली.

"मला वरण-भात येतो," आतेभाऊ म्हणाला.

"तुम्हाला कुकरची शिट्टी येते फक्त," वहिनी म्हणाली, पण तोवर ती आत वळलीही होती.

मी अंगणातच बोटांवर हिशेब केला. धुळ्याहून सरळ अमळनेर सदतीस. पारोळ्यावरून गेलं तर छत्तीस आणि वीस, छप्पन्न. एकोणीस जास्त. आत सहा, बाहेर सहा. एकूण एकतीस. "सत्तरात बसतं," मी म्हणालो. "एक पैसा जास्त पडत नाही."

"काका," गाडीवाला म्हणाला, "गल्लीतल्या चकरा वाचल्या तुमच्या."

वहिनी सात मिनिटांत तयार झाली. हिरवी साडी, एक पिशवी. आबांनी अक्काच्या ओटीतलं डांगर उचललं आणि वहिनीच्या हातात दिलं. "मुऱ्हाळी मीच शे," ते म्हणाले. "तुन्ही मायले सांग." अक्का म्हणाली, "मन्हं डांगर दिधं का रे?" आबांनी तिला दुसरं द्यायचं कबूल केलं. बायको आणि वहिनी मागच्या सीटवर बसल्या, वहिनीच्या मांडीवर डांगर, आणि गाडी गेली.

उन्हं उतरल्यावर चारच्या बसने आम्ही निघालो. एसटीची पहिली पायरी उंच. तिथे गुडघा नडणारच होता. आतेभावाने घरातला लाकडी चौरंग आणला, पायरीखाली ठेवला. अक्का चौरंगावर, चौरंगावरून पायरीवर, आणि तिथून कंडक्टरबाईंनी हात धरून आत घेतली. मग मला सुचलं की धुळ्याला उतरताना, पुन्हा चढताना आणि अमळनेरला उतरताना चौरंग लागणारच. मी तो उचलून बसमध्ये घेतला.

"याचं तिकीट?" मागचा एकजण म्हणाला.

"पंच्याहत्तरीच्या वर असेल तर फुकट," कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि सगळी बस हसली.

अक्का खिडकीशी बसली. वारा गरम होता, तोंडावर धूळ येत होती, आणि ती खुशीत होती. साक्रीपर्यंत तिने शेजारणीला आपली सगळी नाती सांगितली. नेरपर्यंत फुटाणे खाल्ले. धुळ्याच्या स्टँडवर रसवंतीत उसाचा रस प्यायली, वर अर्धा माझा. पोटात काही ढवळलं नाही. मी दर दहा मिनिटांनी विचारत होतो, शेवटी तिने मला चौरंगावर जाऊन बसायला सांगितलं.

भांडण झालं ते तिकिटावरून. आबांनी खिशातून पैसे काढून धरले होते.

"एक माझं, एक बहिणीचं."

"आबा, कार्ड दाखवा. तुम्ही दोघं पंच्याहत्तरीच्या वर. शून्य रुपयांचं तिकीट," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"मन्हं शून्य दे. बहीणनं मी काढसू. मुऱ्हाळी काढस."

"मशीन घेत नाही हो आबा. मी घेतले तर माझी नोकरी जाईल."

पहिल्या प्रवासापासून अक्काचं तिकीट आबांनीच काढलेलं. सरकारने सोय केली ती चांगलीच आहे. पण भावाने बहिणीचं भाडं भरण्याची त्यांची एक जागा तेवढी गेली. काढलेले पैसे त्यांनी धुळ्यापर्यंत मुठीतच धरून ठेवले. धुळ्याच्या पुढच्या बसमध्येही तेच उत्तर मिळालं.

आठ वाजता रिक्षाने घरी पोचलो. ओट्यांवर माणसं होतीच. गाडी पाच वाजता येऊन गेली होती आणि तेव्हाच समोरच्या नानांनी विचारलं होतं, "अक्का नाही आल्या?" बायकोने ठसक्यात सांगितलं होतं, "त्या बसने येताहेत. आमच्या गाडीतून पारोळ्याला लेक उतरवून आले." आता अक्का रिक्षातून चौरंगावर आणि चौरंगावरून ओट्यावर उतरली. नाना म्हणाले, "अक्का, सिंहासन बरोबर आणलं का?"

बुधवारी दोघांनी मिळून घागर भरली. अक्काच्या हातात तांब्या, आबांच्या हातात घागर. तिने ताट सरकवलं नाही.

आता चुकते झाले ते असे. गाडीवाल्याला चार हजार चारशे. मीटरप्रमाणे दोनशे त्रेसष्ट किलोमीटर, म्हणजे सदतीस तरीही वाया गेले. कंडक्टरबाईंना पिंपळनेर ते धुळे माझे एकशे एकतीस, पुढच्या बसच्या कंडक्टरला धुळे ते अमळनेर एकाहत्तर. रसवंतीला साठ. रिक्षाला चाळीस. चौरंगाचे शून्य.

आणि रात्री, जेवण झाल्यावर, आबांनी मला विचारलं, "तुन्हं तिकीट कितलं पडनं?" मी सांगितलं, दोनशे दोन. त्यांनी दोनशेची नोट काढली, वरचे दोन रुपये माझ्याकडून मागून घेतले, आणि दोनशे दोन रुपये अक्काच्या मुठीत ठेवले. अक्काने मोजले, कनवटीला लावले, आणि म्हणाली, "आते उनू मी मायेरले."