बंद लिहिलं ते बंदच

एक्सेलचा सेल रिकामा ठेवला की साहेब ओरडतात, भरला की गावकरी ओरडतात. दोन्हीकडून बोलणी खाणाऱ्यांकडे किस्से साचणार नाहीत तर काय! आमच्या तालुका ऑफिसच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं डेटा एंट्रीवाले: मी, रफिकभाई आणि सुनंदाताई. तिघंही कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी साहेबांनी सही केली तरच नोकरी पुढे.

*

पहिली चूक माझीच. कोरीट गावच्या पेन्शनच्या यादीत अनुक्रमांक माऊसने खाली ओढताना शेजारचा वयाचा कॉलमही ओढला गेला. वयं एकेकाने वाढत गेली आणि शेवटच्या आजोबांचं वय झालं दोनशे चौदा! यादी तशीच बोर्डावर लागली.

दुसऱ्या दिवशी आजोबा हजर. बाहेर ही लांब रांग. ते काठी टेकत सरळ पुढे आले.

"दोनशे चौदा वरीसना शे मी! मंग पहिला नंबर मन्हाच!"

रांगेनेही त्यांना वाट करून दिली.

*

साहेबांना शीट सुंदर लागते. दिसले दोन सेल की मर्ज कर, म्हणजे जोडून एक, वर गुलाबी रंग. मग सॉर्टिंग अडतं, ओळी क्रमाने लागत नाहीत, आणि आम्ही जोडलेले सेल दिवसभर सोडवत बसतो.

एकदा रफिकभाईंचं डोकं फिरलं. "साब, लग्न तुम्ही लावता आणि काडीमोड आम्ही करून देतो!"

साहेब हसले नाहीत. रफिकभाईंना आठवडाभर लांबच्या विसरवाडीच्या नोंदणी कॅम्पला पाठवलं. येताना ते आमच्यासाठी भजी घेऊन आले.

*

धानोऱ्याकडच्या एका कर्मचाऱ्याची शीट शंभर टक्के भरलेली आली. उघडली तर अर्धी कोरी! पठ्ठ्याने प्रत्येक सेलमध्ये नुसता स्पेसबार दाबला होता.

मी फोन केला. म्हणाला, "मॅडम, दिसतं रिकामं, पण नोंदीला भरलेलं. तुमच्या ऑफिसातल्या खुर्च्यांसारखं!"

मी फोन ठेवला आणि खुर्च्या मोजल्या. खोटं कशाला बोलू, निम्म्या रिकाम्याच!

*

आता सुनंदाताईंचं. हातपंपांची शीट त्यांच्याकडे. डोंगराकडच्या सात पाड्यांपुढे त्यांनी 'बंद' लिहिलं होतं. जिल्ह्याचे मोठे साहेब मीटिंगला येणार, म्हणून आमचे साहेब म्हणाले, "सगळे चालू करा."

"मी इथं 'चालू' लिहिलं तर तिथं पाणी येईल का, साहेब? उलट 'चालू' दिसलं की दुरुस्तीची गाडी तेवढी जायची नाही. बाया अर्धा डोंगर उतरतात हंड्यासाठी."

"या महिन्यात तुमचा करार संपतोय ना, ताई?"

मला असा संताप आला! ताई शांत. "संपू द्या. मन्हा हातखाल खोटं लिखाव नही."

साहेबांनी मग स्वतः बसून सातही ठिकाणी 'चालू' ठोकलं. ते उठल्यावर ताईंनी शेजारी नवा कॉलम घातला, 'माहिती कोणी भरली'. सातही ओळींत साहेबांचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

"हे काय?" साहेबांनी वाकून पाहिलं.

"भरलं कुणी? तुम्हीच ना?"

बाहेर मोठ्या साहेबांची गाडी लागली. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "ताई... जुनी, 'बंद'वाली फाईल असेल ना?"

"तीच लावलीय, साहेब. प्रोजेक्टरवर."