गनीभाईनं कापलेलं हेड

नगरला झेंडीगेटाच्या अलीकडे गनीभाईचं गॅरेज होतं. एकाहत्तर साली इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, लेथवर घासून घ्यायला तिथं सोनई-श्रीरामपूरहून माणसं येत. गनीभाई बोलायचा कमी. "भाई, गाडी वढत न्हाई वो," असं गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, की हा नुसता "हं" करायचा. त्या "हं"च्या सुरावरून दुखणं केवढं ते ज्यानं त्यानं ओळखावं.

त्याच्या बहिणीचा, शरिफाचा नवरा शमशेर. तो जत्रेत मौतच्या कुव्यात मोटारसायकल फिरवायचा. फळ्यांची उभी गोल भिंत, अन् तिच्यावर आडवी गाडी. पण मालक मच्छिंद्रशेठनं त्याला सुनावलं होतं, "कबुतरावानी मधीच काय घिरट्या घालतो? मढीच्या जत्रंत वरच्या कठड्याला हात लाव. न्हाईतर लावणारा दुसरा हाय माझ्याकडं."

गाडीला वर चढायचा जोर यावा म्हणून शमशेर पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन हेडं घेऊन आला. कंपनीची नव्हेत, कुठल्याशा कारखान्यानं परस्पर ओतलेली.

"ह्ये बघा भाई, कसं चमकतंय! नवरीच जणू!"

"नवरीला आंघोळ घालू आधी," गनीभाई म्हणाला.

त्यानं दोन्ही हेडं रॉकेलात बुडवली, पुसली, वर खडूची भुकटी चोळली. चमकणाऱ्याच्या प्लगच्या भोकापासून एक काळी रेघ उमटत गेली. चीर. आत मुरलेलं रॉकेल तिच्यातून पाझरत होतं. दुसरं हेड मळकं, पण जाड अन् खोल पंखांचं. उष्णता बाहेर टाकणारं. ते ठरलं.

"अर्धा सूत कापा," शमशेर म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"पाव बास. जास्ती कापलं की आतली जागा घटते, दाब वाढतो. जोर येतो, पण इंजिन तापतं. पिस्टन तापून चिकटला, तर भिंतीवरनं तू कुठं जाशील?"

"खाली. अन् वर न्हाई गेलो, तरी खालीच हाय की, भाई."

गनीभाईनं हेड लेथवर चढवलं. त्यानं अर्धा सूत कापलं. सपाट काचेवर तेलात कालवलेला शेंदूर पसरून त्यावर हेड टेकवलं. रंग सगळीकडे सारखा बसला, म्हणजे हेड सपाट होतं. "घे, अर्धा सूत." बसवताना मात्र त्यानं हेड अन् सिलिंडरच्या मधे नेहमीपेक्षा जाड तांब्याचं पॅकिंग घातलं. कापलेली जागा गुपचूप परत दिली. शमशेर खूष होईल, जिवंतही राहील, एवढाच त्याचा हिशेब.

मढीच्या जत्रेत मात्र गनीभाईला राहवेना. तो कुव्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. कर्णा ओरडत होता, "या या या! काळजाचं कच्चं आसंल त्यानं घरी जावं, म्हातारीपाशी बसावं!"

गाडी सुरू झाली. ढर्रर्र करत भिंतीवर चढली. अन् वर येता येता त्या आवाजातून दुसराच एक आवाज फुटला, टिण-टिण-टिण, डब्यात खिळे हलवल्यासारखा. गनीभाईनं फळी घट्ट धरली. हा दाब वाढल्याचा आवाज. त्यानं घातलेलं जाड पॅकिंग जागेवर नव्हतं.

शमशेरनं कठड्याला हात लावला. शिट्ट्यांनी तंबू दणाणला. तो उतरला, तोवर गनीभाई खालच्या दारातून आत पोचला होता.

"पॅकिंग काढलंस?"

"काढलं. पातळ घातलं. मला फसवलंत, भाई. तुमच्याच हाताखाली पाना धरलाय मी, मला कळणार न्हाई व्हय?"

"चुकलो. तवाच तोंडावर न्हाई म्हणायला पायजे हुतं. आता म्हणतो. उतर."

"पुढचा खेळ हाय."

"चला चला, पब्लिक भरली!" मच्छिंद्रशेठ ओरडला.

शमशेरनं किकवर पाय ठेवला. गनीभाईनं हत्यारांच्या पेटीतला हातोडा उचलला अन् हेडवर घातला. पंख तुटले. पुन्हा घातला. प्लगच्या भोकापाशी हेड तडकलं. मच्छिंद्रशेठ शिव्या देत धावला. शमशेरनं किकवरचा पाय काढला.

दुसऱ्या दिवसापासून कुव्यात दुसरा गडी फिरू लागला. शमशेर सोनईत टेम्पो चालवू लागला. टेम्पो बिघडला की लांबच्या गॅरेजात नेई, झेंडीगेटाकडे वळत नसे.

ईदला शरिफा शीरखुर्म्याचा डबा घेऊन एकटीच आली.

"तो?" गनीभाईनं विचारलं.

"भाईर टेम्पोत बसल्यात. आत येत न्हाईत म्हणाले. लई चिडल्यात तुमच्यावर."

गनीभाई उठून दारापर्यंत गेला. टेम्पोत शमशेर तोंड फिरवून बसला होता, अन् स्टिअरिंगवर बोटं आपटत होता.

"चिडू द्या, भाईजान," शरिफा मागून म्हणाली. "चिडायला हायेत, त्येच लई हाय मला."