दाराला लावलेला वरवंटा

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरच्या स्टँडवर उभा होतो. शेजारच्या आक्का रडत सांगत होत्या, "अरं, तुझी मावशी गेली रं... सकाळी च्या घेतला, बायबल वाचलं, आन् खुर्चीतच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. पाच आठवडे झाले.

एस्तेरमावशी माझ्या आईची थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. कोल्हापुरात नर्स म्हणून तिनं हयात घालवली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला तिच्या पुढच्या खोलीत घरप्रार्थना असे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ती त्याला वरवंटा लावायची. घरात मिक्सर आला, पाटा गेला, वरवंटा मात्र दारापाशी राहिला.

दोन वर्षांपूर्वी चार अनोळखी माणसं येऊन बजावून गेली, "हे गाणं-बिणं बंद करा. पुढच्या गुरुवारी बघायला येतोय." मी मुळात भित्रा. त्या गुरुवारी नेहमीच्या विसांतले सहाच जण आले. मी गुपचूप वरवंटा सरकवला, कडी लावली आणि वर मावशीलाच शहाणपण शिकवलं, "दार लावून प्रार्थना करा, असं प्रभूनंच सांगितलंय की."

मावशी उखडलीच. "ते प्रार्थना मिरवणाऱ्यांसाठी सांगितलंय, बाबा. तू भ्यालास म्हणून लावलंस. प्रभूच्या नावावर खपवू नगंस!" तिनं स्वतः उठून कडी काढली, वरवंटा जागेवर ठेवला.

पहिलं गीत संपायच्या आत ती माणसं आली. "या की पावणं," मावशी म्हणाली, "चपला तिथंच काढा." ते चौघं उंबऱ्याबाहेरच थांबले. मावशीनं डोळे मिटून नेहमीची प्रार्थना केली... आक्कांच्या गुडघ्यासाठी, परीक्षेला बसलेल्या गल्लीतल्या पोरांसाठी. मग डोळे उघडून त्या चौघांना म्हणाली, "तुमची नावं सांगा, तुमच्यासाठी पण करते." त्यातल्या थोराड माणसानं चक्क नाव सांगितलं! आमेन झाल्यावर ते मुकाट्यानं गेले. पुन्हा कधी आले नाहीत असं नाही, पण मावशीचं दार काही लागलं नाही.

त्या दिवशी चहा ओतताना तिनं निम्मा चहा बशीत सांडला. मी विचारलं, "भीती वाटली?"

"वाटली की! मी काय दगडाची हाय व्हय? भीती घरात आली तर येऊ दे. पर दाराची कडी तिच्या हातात द्यायची न्हाय."

ती गेल्यावर मी प्रार्थना ठेवलीच नाही. कधी पावसाचं कारण सांगितलं, कधी तब्येतीचं. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि मला माझीच लाज वाटत होती. गेल्या गुरुवारी अखेर चौघं जमलो. सहा वाजले. हात आपसूक कडीकडे गेला... तिथंच थांबला. मी खाली वाकलो. वरवंटा वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. दोन्ही हातांनी उचलून दाराला लावला.

दर गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजता. कुणीही या. चपला तेवढ्या बाहेर काढा.