आबांची चिमूट

मला किळस फार. माहेरी इंदापूरला एसटी स्टँडमागं आमचं घर, भिंतीवर साऱ्या जगाच्या पिचकाऱ्या, आणि मी नाकाला ओढणी लावूनच दारात यायची. लग्न होऊन काटेवाडीला आले तर दारात सहा गाई. शेणाला सरावले. गोचिडांनाही सरावले. सरावले नाही ती सासऱ्यांच्या उजव्या हाताला.

आबांची अंगठ्याशेजारची दोन बोटं कडबा कापायच्या कुट्टी मशीननं नेली होती, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. मागं राहिली दोन खुंटं, पांढरट, गुळगुळीत, बिननखांची. अंगठा आणि उरलेली दोन बोटं एवढ्यावर त्यांचं सगळं चालायचं. त्याच हातानं ते दुधात भाकरी कुस्करायचे आणि माझ्या लेकीला भरवायचे. खुंटावरून दूध ओघळायचं, ती ते जिभेनं टिपायची. मी ताट सारून मोरीत जायची. पण बोलायची सोय नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा एमआयडीसीत पाळीला. मी कामाला लागले की पोरगी आबांच्याच मांडीवर असायची.

लेक अडीच वर्षांची झाली तरी तिला चिमूट जमेना. मणी उचल म्हटलं की अंगठ्याजवळची दोन बोटं तळहातात मिटून घ्यायची आणि बाकीच्या दोन बोटांनी तो धरायला बघायची. मणी सटकायचा. बारामतीला लहान मुलांच्या हातांचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "महिनाभर घरी हे बोटांचे खेळ करून घ्या. नाहीच बोटं उघडली तर नसा तपासायला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते." नसा हा शब्द ऐकला आणि माझं अन्न गोड लागेना. पोरीचा उजवा हात अधू राहिला तर काय, एवढंच डोक्यात.

मग घरात जो राडा सुरू झाला तो काय सांगू! रंग घालून मळलेली कणीक पोरीच्या केसांत, माझ्या केसांत, आणि दुसऱ्या दिवशी आंबून चादरीत. कपडे वाळत घालायचे चिमटे तिनं चघळून चघळून बुळबुळीत केले. ज्वारीचे दाणे बाटलीत टाकायचे होते. तिनं एक नाकात टाकला. तो मी शेंबडासकट ओढून काढला आणि तिथंच उमासे देत बसले. मोबाइलवर बघावं तर दुसऱ्यांची पोरं स्वच्छ फ्रॉक घालून स्वच्छ टेबलावर राजमा वेचतायत. त्या आयांचाही मला राग यायचा. इतकं करूनही माझ्या पोरीची ती दोन बोटं मिटलेलीच.

बाईंनी व्हिडिओ मागवला. ओसरीत बसवून लेकीपुढं मणी ठेवले, मोबाइलवर घेतलं, आणि पाठवण्याआधी एकदा बघितलं. पोरीच्या मागं आबा शेंगा फोडत बसलेले दिसत होते. आबांनी शेंग उचलली. पोरीनं मणी उचलला. दोघांनी एकाच चिमटीनं. मी पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. तिच्या हातात काही बिघाड नव्हताच. चिमूट म्हणजे अशीच असते, असं ती आबांकडून शिकली होती. आणि आम्ही सगळे तिच्या नसांची काळजी करत बसलेलो.

कुणालाही हसू आलं असतं. मला इतक्या वर्षांची किळस उसळून आली.

"आबा, तुमच्यामुळं झालंय हे सगळं," मी ओरडले. "पोरगी तुमचं बघून बोटं मिटतीय. तो घाण हात तिच्या म्होरं आणू नका."

आबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "व्हय," म्हणाले. "माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय." आणि खांद्यावरचा टॉवेल हाताभोवती गुंडाळला.

तो टॉवेल पुन्हा तिच्यासमोर सुटला नाही. ते गोठ्यात ताट नेऊन जेवायला लागले. महिन्याच्या आत पोरीची बोटं उघडली. बाईंनी शाबासकी दिली, मी पेढे वाटले. सोबत तिला जेवायची शिस्तही लावत होते. उजव्या हातानं खायचं, डावा हात घाण, असं रोज घोकून घेत होते.

एका दुपारी लेक हट्टालाच पेटली, आबा पायजेत. मी आबांना आत बोलावलं, समोर ताट वाढलं. ते टॉवेलातला हात मांडीखाली दाबून बसले आणि डाव्या हातानं चमचा उचलला. मी बघतच राहिले. हा माणूस डाव्या हातानं कुणाला सुपारीसुद्धा देत नसे. गोठ्यात इतके दिवस तो असा जेवत होता.

पोरगी लगेच म्हणाली, "आबा, त्यो हात घाण."

"व्हय बाय, घाण हाय," आबा म्हणाले. त्यांनी चमचा ठेवला. मांडीखालच्या हाताकडं एकदा बघितलं आणि उठायला लागले. "जेवान झालं माझं." ताटातली भाकरी मोडलेलीसुद्धा नव्हती.

घाण हा शब्द त्या घरात मीच आणला होता, दोन्ही हातांसाठी. मला माझीच शिसारी आली.

"बसा आबा," मी म्हणाले. पाण्याचा तांब्या आणला, टॉवेल सोडवला. आतला हात घामानं पांढरा पडला होता, आंबूस वास येत होता. किळस आली, नाही म्हणत नाही. तरी तो हात हातात धरला आणि पाणी ओतलं. खुंटं लहान बाळाच्या टाचेसारखी मऊ होती. आबा मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात लेकीनं त्यांच्या ताटातली भाकरी मोडली, दोन बोटं मुद्दाम तळहातात मिटली, आणि आबांच्या चिमटीनं घास उचलून त्यांच्या तोंडाशी नेला.

मी तिला बोटं उघड म्हणाले नाही.