चार पायांचा मुराळी

कुत्र्याच्या इमानाच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. इमान म्हणे! माणसाला स्वतःचं कौतुक लई, म्हणून कुत्रं दारात बसलं तरी ते आपल्यासाठीच बसलंय असं त्याला वाटतं. मलाही एकदा तसंच वाटलं होतं, आणि वाटलं तेव्हा काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

आमचा कुत्रा मूळचा धनगराचा. येरमाळ्याला आमची शेती होती. सुगी झाली की वडील खतासाठी रानात मेंढरं बसवायचे. एका वर्षी मुक्काम हलवताना धनगरानं एक पिल्लू आईच्या पुढ्यात आणून टाकलं. काळं, कान पडलेलं. त्याला नाव असं कधी ठेवलंच नाही. यू यू केलं की यायचं. मोठं झालं तसं त्यानं घर ताब्यात घेतलं. कोंबड्या पांगल्या की हाकून एका कोपऱ्यात. आम्ही भावंडं खेळत लांब गेलो की मागनं येऊन पोटरीला नाक लावायचा, दात कधी लावला नाही. दिवेलागणीला घराभोवती फेरी मारायचा. आई, वडील, भाऊ आणि मी, सगळी आत दिसली की मगच अंग टाकायचा. आईला शेजारणीकडं गप्पा मारत बसायची भारी हौस. हा तिथं जाऊन तिचा पदर ओढायचा.

"जळ्ळं मेलं! घटकाभर बोलू बी देत न्हाय," आई चरफडत घरी यायची. "आपल्याला मेंढरंच समजतंय हे."

"अन् त्यात तू सगळ्यात द्वाड," वडील म्हणायचे.

ते हसण्यावारी गेलं, पण आई बोलली होती ते अगदी खरं होतं. त्याच्या रक्तातच कळप होता. कळप एका जागी असला की तो सुखी, एक जरी लांब असलं की त्याच्या जिवाची तगमग.

निजामी संपायच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर कळंबचं, धान्याची आडत असलेलं. वरातीची गाडी गावाबाहेर निघाली तसा हा बैलांच्या पुढं जाऊन भुंकायला लागला. गाडी मागं वळवायची होती त्याला! वऱ्हाडी हसले, कुणीतरी धोंडा मारला. तेव्हा तो गाडीखाली शिरला आणि सावलीसावलीनं कळंबपर्यंत चालत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार झाडत होते, तर माझा पदर तोंडात धरून रस्त्याकडं ओढायला लागला.

"अगं बया, पिसाळलंय की काय!" सासूबाई ओरडल्या.

"न्हाय, आत्याबाई. घरी चल म्हणतोय," मी म्हणाले, आणि नव्या नवरीनं रडू नये तेवढं रडले.

मी काही त्याच्याबरोबर जाऊ शकत नव्हते. चार दिवस वाट बघून तो एकटाच गेला. आठवड्याभरात परत हजर. मग ते नेमच झालं. इथं थोडे दिवस, तिथं थोडे दिवस. पहिल्या पंचमीला भाऊ मुराळी होऊन न्यायला आला तेवढाच. दिवाळीपर्यंत लुटालूट, जाळपोळ सुरू झाली, वाटा बंद झाल्या. बाईमाणसाला गाडीत घालून न्यायची कुणाची छाती होईना. सगळ्या सासुरवाशिणी जिथल्या तिथं अडकल्या. माझ्याकडं मात्र तो यायचा.

"आला बघ तुझा चार पायांचा मुराळी," सासूबाई म्हणायच्या. तोंडानं फटकळ, पण त्याच्यापुढं भाकरी टाकायला त्याच पहिल्या.

गोचीड लागू नये म्हणून आई त्याच्या कानात करडीचं तेल चोळायची. मी त्याला कुशीत घ्यायचे आणि त्या कानाचा वास घ्यायचे. आमच्या गावच्या घाण्याचं तेल, चुलीचा धूर, आईचे हात. नणंद खदाखदा हसायची. हसू दे. मला तेवढीच आई भेटायची.

संक्रांतीनंतर त्याचं तंत्र बिघडलं. गेला की दुसऱ्याच दिवशी परत यायला लागला. पोट खपाटीला गेलेलं, कान कोरडे. मग जाणंच बंद झालं. उंबऱ्याशी बसून राहिला.

"आता खरा तुझा झाला गं," सासूबाई म्हणाल्या.

आणि मी वेडी, हरखले! म्हटलं, एवढ्या सगळ्यांतनं यानं मला निवडलं. दोन दिवस मी त्याला दूधभाकरी घातली, त्याच्याशी माहेरच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी ज्वारी पाखडत बसले होते आणि सूप हातातच राहिलं. हा निवडणारा कुत्राच नव्हे. मेंढरं दोन जागी असताना हा एका जागी बसेल कसा? बसलाय, म्हणजे तिकडं कुणी उरलंच नाही.

"आत्याबाई, माझ्या माहेरी कुणी न्हाय," मी म्हणाले.

"अभद्र बोलू नगंस."

पण त्यांनी सासऱ्यांना चौकशी करायला लावली. आडतीवर येणाऱ्या एका गाडीवानानं सांगितलं की आमच्या घराला कुलूप आहे. त्या आळीतली माणसं निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं गेलीत. कुणी कुठं, कसं, काही ठाऊक नाही. त्या दिवशी सासूबाईंनी मला जवळ बसवून जेवू घातलं. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा मी आणि त्या कुत्र्यानं, दोघांनी रस्त्याकडं तोंड करून काढला. सगळी धड परत यावीत, एवढंच मी मागत होते.

भाद्रपदात फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. दसऱ्याच्या सुमाराला दारात गाडी थांबली. वडील उतरले, मागनं भाऊ. कुत्रा तर येडाच झाला! रडायला लागला, अगदी माणसासारखा. दोघांच्या पायाला नाक लावून लावून त्यानं त्यांना ढकलत माझ्यापाशी आणलं. आम्ही तिघं एका जागी उभे, आणि तो आमच्याभोवती फिरतोय. एक फेरी. दुसरी फेरी. मग थांबला. गाडीपाशी गेला, चाकावर पुढचे पाय टेकून आत हुंगलं. परत आला, परत फेरी मारली. आणि सरळ रस्त्याला लागला.

सासूबाईंनी पायावर पाणी घातलं. "विहीणबाई कशा हायत?" त्यांनी विचारलं.

वडील फेट्याच्या टोकानं तोंड पुसायला लागले.

"सांगू नका, अण्णा," मी वडिलांना म्हणाले. मला कळलं होतं.

पण बापानं तरी किती दिवस पोटात ठेवायचं? ताप आला, दोन-चार दिवसांत गेली, तिकडंच माती दिली, असं त्यांनी जेवणं झाल्यावर सांगून टाकलं.

कुत्रा तीन दिवसांनी परत आला, आमच्याभोवती फिरला आणि पुन्हा गेला. पुढं म्हातारा होईपर्यंत त्याचं हेच. येरमाळा, कळंब, मधली सगळी रानं. लोक त्याला खुळा म्हणायचे. मला त्याचा हेवा वाटायचा. आई गेली हे मला सांगून झालं होतं, त्याला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून तो तिला शोधायला जायचा, आणि मी दारात उभी राहून बघायचे.